चौदा-पंधराचा पाना

गुणवंत : हात काढा काका, आधी हात काढा पेटीवरनं. हितं कुणाची पेटी कुणी उचलत न्हाई.

बाबाजी : कुणाची नाय. माझी हाय.

(शारजाचा इंडस्ट्रियल एरिया, २००१ सालातली एक दुपार. गॅरेज उद्या दुसऱ्या जागी हलणार, निम्मं सामान ट्रकवर चढलंही आहे. पंधरा वर्षांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं गमावून गावी गेलेला बाबाजी लेकीकडे व्हिजिटवर आला आहे. लेक अल मजाजमधलं घर दाखवायला उत्सुक होती, पण ह्याला आधी गॅरेजच बघायचं होतं. सोबत तीही आली आहे, प्रज्ञा. समोर फोरमन गुणवंत, साताऱ्याकडचा, अंगानं आडवा आणि पेटीसमोरही आडवाच उभा.)

प्रज्ञा : आप्पा, जरा शांतपणे. गुणवंतभाऊ, शहाऐंशी साली हे इथून गेले तेव्हा पेटी इथंच राहिली होती.

गुणवंत : ताई, मी आलो त्र्याण्णवला. तवापासनं ही खैरूभाईची दुसरी पेटी, हेच ऐकतोय. चावी कायम त्याच्या कमरेला. गेल्या साली डोळं गेलं त्याचं, ऑपरेशनला म्हणून घाईघाईत दापोलीला गेला. जाताना चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणला, ‘सांभाळ.’ उद्या गावाकडं सामान पोचवणाऱ्या आमच्या अनिलचा कार्गो सुटतोय, त्यातनं मी ही पेटी त्याच्या घरी पोचवणार. बास.

बाबाजी : दापोलीला? माझी पेटी दापोलीला? मेल्यानं एवढी वर्षं दाबून ठेवली ती ठेवली, आता घरपोच पण हवी!

गुणवंत : काका, खैरूभाईला वाकडं बोलायचं न्हाई. मला पाना धरायला त्यानं शिकवलंय.

बाबाजी : आणि त्याला कोणी शिकवलं? एका खोलीत नऊ वर्षं राहिलो आम्ही. तो लुंगी वाळत घालायचा त्याच दोरीवर माझी लुंगी. बोटं गेली तेव्हा ह्यानंच उचलून हॉस्पिटलात नेलं, नाय कोण म्हणतो? पण मी गावाहून दोनदा निरोप धाडला, ‘पेटी पाठव, हात चालायला लागलाय.’ दोन्ही वेळा एकच उत्तर. ‘स्वतः ये आणि ने.’ व्हिसा काय झाडाला लागतो? त्या दिवसापासून खैरुद्दीन मला मेला.

गुणवंत : मग फोन लावतो की. शेजाऱ्याचा नंबर हाय माझ्याकडं. त्यालाच विचारू.

बाबाजी : नाय लावायचा! चोराला विचारून चोरी ठरवतात काय? तू पेटी उघड. पेटीच सांगेल कोणाची ती.

प्रज्ञा : भाऊ, ह्यांनी गावाजवळ हातखंब्याला हायवेवर गाळा घेतलाय. गॅरेज टाकतायत, ह्या वयात. मी सांगून सांगून थकले, आराम करा, नातवाला खेळवा. तर म्हणे, पेटी आली की शटर उघडतो. पेटी मिळाल्याशिवाय हे इथून उठणार नाहीत. मला माहितीयेत ना हे!

गुणवंत : बरं. यल्ला, चला, उघडू. पण एक ऐका काका. जे तुमचं ठरंल तेवढंच न्यायचं. खैरूभाईचं एक नट सुदिक हलणार न्हाई.

बाबाजी : दुसऱ्याचं मला नकोच हाय. माझी पेटी हिरवी होती.

गुणवंत : झालं मग. ही निळी. खलास.

प्रज्ञा : थांबा. मी हमरियाला टूल्सच्या कंपनीत स्टोअर बघते, दिवसभर हेच माझ्या हातात असतं. ही पेटी बघा, कप्प्यांच्या पट्ट्या रिव्हेटवर आहेत. आता येतात त्यांचे पत्रे स्पॉट वेल्डिंगचे असतात, कोपरेही गोल. ही जुनीच आहे. ऐंशीच्या आसपासची म्हणा. मूठ जरा वर करता? हां, इथं खाली. चावीनं खरवडते हं थोडं.

गुणवंत : ए ताई, रंग...

प्रज्ञा : हिरवा!

बाबाजी : बघ! बघ, बेडकासारखा हिरवा! नासर स्क्वेअरच्या बाजारातून घेतली होती मी, डोक्यावर ठेवून बसस्टॉपपर्यंत आणली. लोक हसत होते.

गुणवंत : हाय खरं हिरवा. गंज धरू नये म्हणून रंगवली असंल त्यानं. बरं, डबा तुमचा. मानलं. आता आतलं?

बाबाजी : आतल्या हरेक पान्यावर माझी खूण हाय. दांड्यावर कानशीचे दोन घाव आणि मधे पंचाचा एक ठिपका. काढ कुठलाही.

गुणवंत : हा बारा-तेरा... हायेत दोन घाव. ठिपका पण हाय. सोळा-सतरा, ह्यावर पण. पक्कड... आयला, पकडीवर पण.

बाबाजी : मग? आता उचलू?

प्रज्ञा : आप्पा, एक मिनिट.

बाबाजी : आता काय एक मिनिट?

प्रज्ञा : ह्या पान्यावर ‘मेड इन जर्मनी’ लिहिलंय.

बाबाजी : जर्मनीचाच माल घ्यायचो मी. पोट मारून घ्यायचो.

प्रज्ञा : हो, पण तुम्ही होतात तेव्हा त्यावर ‘वेस्ट जर्मनी’ यायचं. नव्वदला दोन्ही जर्मनी एक झाल्या, त्यानंतर नुसतं ‘जर्मनी’ आलं. आमच्याकडे जुना स्टॉक आला की आम्ही आधी हेच बघतो. हा बघा, हाही. आणि हाही. आप्पा, हे सगळे तुम्ही गेल्यानंतरचे आहेत.

गुणवंत : आता बोला!

बाबाजी : असं कसं? खूण माझी हाय!

गुणवंत : खूण कुणीबी मारंल. कानस काय, हितं पन्नास पडल्यात. माल खैरूभाईनं घेतलाय, तुमच्या लेकीनंच सांगितलं. रिकामी पेटी न्या काका, पाने ऱ्हाऊ द्या.

बाबाजी : म्हणजे माझं सामान फुंकलं, माझ्या पेटीत आपलं भरलं, आणि वर माझीच खूण मारली! खूण चोरली रे माझी! पैसे चोरले असते तर विसरलो असतो. मिस्त्रीची खूण चोरायची म्हणजे...

प्रज्ञा : आप्पा, बसा आधी. पाणी प्या. भाऊ, खैरूचाचांची स्वतःची खूण काय होती?

गुणवंत : एक तिरकी रेघ. त्याच्या मोठ्या पेटीत सगळ्यावर होती. ती पेटी तो संगंच घेऊन गेला. उचलताना लहान पोरासारखा रडला बघा.

प्रज्ञा : मग विकत घेतलेल्या पान्यांवर स्वतःची रेघ का नाही मारली?

गुणवंत : ते काय मला ठाऊक न्हाई.

प्रज्ञा : आणि हे हातात घ्या. तुम्ही मिस्त्री आहात, तुम्हीच सांगा. हा किती चाललाय?

गुणवंत : ह्यो? ह्यो चाललाच न्हाई. तोंडाचं क्रोम तसंच हाय. आत दुकानाचं ग्रीस सुदिक वाळलंय.

प्रज्ञा : आणि हा?

गुणवंत : कोरा. ह्यो पण कोरा. ताई, हे तर सगळंच कोरं हाय! दहा वर्षं गॅरेजात पडून पाना कोरा? अशक्य.

बाबाजी : बघू. दे इकडं.

गुणवंत : थांबा थांबा. आता आठवतंय. एकदा आमच्यातल्या कुणीतरी ह्या पेटीतला पेचकस घेतला आणि मोडला. खैरूभाईनं अख्खं गॅरेज डोक्यावर घेतलं. संध्याकाळी स्वतः जाऊन नवा आणला, वर कानस मारत बसला. आम्ही चिडवायचो, ‘खैरूभाई, दुसरी बायको केली काय पेटीची?’ म्हातारा नुसता हसायचा. आम्हाला वाटायचं, कंजूष हाय.

प्रज्ञा : पण सगळे पाने कसे मोडतील?

गुणवंत : लियाकत म्हणून जुना वेल्डर होता, तो सांगायचा. कुवेतच्या लढाईच्या वक्ताला हितं ट्रेलरची रांग लागली होती. अरबाबनं, म्हंजे मालकानं, सगळ्या पेट्या फोडून खुल्या केल्या, कुणाचं काय न्हाई, काम उरका. निम्मं सामान त्यातच गेलं. लढाई संपल्यावर सगळ्यांनी आपापलं भरून घेतलं. खैरूभाई म्हणं दोन पेट्या भरत होता. लियाकतला वाटायचं, याड लागलंय ह्याला.

प्रज्ञा : आप्पा, म्हणूनच सगळे नव्वदनंतरचे. तुमचं हरवलं, ते त्यांनी एकेक करून परत आणलं आणि त्यावर तुमची खूण घातली. स्वतः वापरले नाहीत. तुमचेच म्हणून ठेवले.

बाबाजी : घाव पण माझ्यासारखेच घातलेत त्यानं.

प्रज्ञा : पण मग पाठवली का नाही, हे मला कळत नाही. तुम्ही दोनदा मागितलीत ना?

बाबाजी : मला कळतंय.

प्रज्ञा : काय?

बाबाजी : ह्या गॅरेजात पेटी कधी घरी धाडत नसत. माणूस सुट्टीवर गेला, आजारी पडला, पेटी इथंच. घरी जायची ती एकदाच, माणूस मेला किंवा कामातून गेला की. ‘पेटी घरी गेली, मिस्त्री खलास’, असं आम्हीच म्हणायचो, मी आणि खैरू. गोविंद पेंटरची पेटी आम्ही दोघांनी बांधली होती. तेव्हा खैरू म्हणाला होता, ‘बाबाजी, तुझी मी नाय बांधणार.’

गुणवंत : आजबी तसंच हाय काका.

बाबाजी : मी पाठव म्हणालो आणि तो म्हणत होता, ये. ‘स्वतः ये.’ तुझं खलास झालं नाय, असं सांगत होता मला. आणि मी पंधरा वर्षं त्याला शिव्या घातल्या. देवासमोर बसून घातल्या गं!

प्रज्ञा : आप्पा, असू दे. डोळे पुसा.

बाबाजी : पुसतो. गुणवंता, रिंग पान्यांची पट्टी सरळ कर. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा... चौदा-पंधरा कुठाय?

गुणवंत : ती खाच रिकामीच असायची. मी बघितल्यापासनं.

बाबाजी : बोटं गेली त्या दिवशी ट्रेलरखाली माझ्या हातात तोच होता. लाव फोन.

गुणवंत : लावू? मगाशी तर...

बाबाजी : लाव म्हणतो ना!

गुणवंत : लागतोय... हॅलो? हां, जरा खैरुद्दीनभाईंना बोलवता का? शारजावरनं. हां, धरतो... खैरूभाई, सलाम. गुणवंत. तब्येत? बरं. इन्शाल्ला. हितं कोण आलंय बघा. देतो.

बाबाजी : खैरू. ...मी. ...हां, बाबाजीच. ...रडतोस कशाला? मी रडतोय ते पुरे हाय. ...नाय, मरायला नाय आलो, पेटी न्यायला आलो. ...उघडली. सगळी बघितली. ...ते नंतर. आधी सांग, चौदा-पंधरा कुठाय? ...तुझ्याकडं? दापोलीला?

प्रज्ञा : काय म्हणतायत?

बाबाजी : म्हणतो, बाकी सगळं बाजारातून आणता आलं. लढाईतून माझ्या हातचा तेवढा एकच परत मिळाला होता. म्हणून आपल्या पेटीत ठेवला आणि जाताना सोबत नेला, आता उशाशी असतो. ...खैरू, ऐक. पेटी मी नेतोय, पण घरी नाय. हातखंब्याला, कामाला. दसऱ्याला शटर उघडतोय. ...डोळे गेले तर गेले. माझे डोळे चांगले हायत, बोटं नायत. तुझी दहाच्या दहा हायत ना? ...मग झालं तर! तुझी पेटी पण बाहेर काढून ठेव.

गुणवंत : त्याला सांगा, सांभाळली म्हणावं पेटी.

बाबाजी : गुणवंत म्हणतो, सांभाळली. ...हां, गुणी हाय. ...आणि तो पाना असू दे तुझ्याकडंच. कुणाच्या हाती पाठवू नको. ...हां. ...हां रे. स्वतः येतो.