द्वारकाबाईंचा एक तास

देवाला हात जोडून झाले, तुम्हालाही जोडून झाले. आता फोनला जोडा! जोडा, जोडा – आणि आवाज बंद करून खिशात ठेवा. तिसऱ्या रांगेतले काका, तुम्हीसुद्धा. एवढा वेळ तो तुमच्याशिवाय राहील. तुम्ही त्याच्याशिवाय राहाल का, ते बघू!

मंडळी, आजच्या कीर्तनातला प्रश्न साधा आहे. आपण चुकलो हे माणसाला कळायला किती वेळ लागतो? आणि ते चारचौघांत म्हणायला किती लागतो? दोन वेगळी मापं आहेत बरं! पहिलं सेकंदांत मोजतात. दुसरं – काही घरांत वर्षांत मोजतात. वहिनी, हसू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही!

तर ऐका. वाईला एक शास्त्रीबुवा राहतात, अच्युतशास्त्री पोंक्षे. ज्योतिष शिकवतात. पूर्वी ओसरीवर वर्ग भरायचा, आता व्हॉट्सॲपवर भरतो. गटाचं नाव ‘ग्रहगोष्टी’. विद्यार्थी किती? दोनशे बारा! ओसरीवर मावले असते का? आता तुम्ही विचाराल, बुवा, ग्रह खरंच माणसाचं भविष्य सांगतात का? तो वाद आज नको. आज ग्रह काय बोलतात ते बघायचं नाही – त्यांच्याबद्दल माणसं एकमेकांशी कशी बोलतात, तेवढंच बघायचं.

गुरुजींनी गटाला तीन नियम घालून दिले होते. एक – आधी नमस्कार, मग प्रश्न. दोन – कुणाचीही कुंडली त्याला विचारल्याशिवाय दाखवायची नाही. आणि तीन – कुठलाही निष्कर्ष लिहिला की खाली लिहायचं, चू.भू.द्या.घ्या. म्हणजे? म्हणा मंडळी – चूकभूल द्यावी घ्यावी! जोरात म्हणा, पेटीवाल्यांना ऐकू गेलं नाही! चूकभूल द्यावी घ्यावी! वा. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता या गटात एक हेरंब ताटके. साताऱ्याचा. वय चौतीस, बुद्धी कात्रीसारखी. संगणकावर चार सेकंदांत कुंडली काढायचा. गुरुजींना फोनचं फारसं कळत नाही, म्हणून त्यांनी गट सांभाळायला हेरंबाकडं दिला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं – सगळं हेरंबाच्या बोटावर! आणि मंडळी, माणसाच्या बोटात अधिकार आला की ते बोट फार खाजवायला लागतं.

एक विद्यार्थिनी लिहायची, ‘नमस्कार, मला वाटतं इथं शुक्र बळकट आहे.’ हेरंब लिहायचा, ‘वाटून काय उपयोग? पुस्तक उघडा.’ दुसरा विचारायचा, ‘राहूची दृष्टी धरायची का?’ – ‘हा प्रश्न पहिल्या महिन्यात संपतो. आपण कितव्या महिन्यात आहात?’ पुढं पुढं त्यानं नमस्कार सोडला. मग चू.भू.द्या.घ्या. पण सोडलं! गुरुजींनी विचारलं तर म्हणाला, ‘गुरुजी, उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक तरी. बरोबर असेल तर माफी कशाला?’ बिनतोड! गुरुजी काय म्हणाले? ‘हं.’ एवढंच. मंडळी, मास्तर ‘हं’ म्हणाले की घाबरावं!

गुरुपौर्णिमा जवळ आली. गुरुजींचं वय झालं होतं. त्यांनी गटावर आवाज पाठवला – लिहायचा कंटाळा – ‘मुलांनो, नवशिक्यांचा वर्ग यंदा मी कुणाला तरी सोपवणार आहे. गुरुपौर्णिमेला वाईला या. तिथं सांगेन. त्याआधी एक कुंडली सोडवा. या व्यक्तीची परवानगी मी घेतलेली आहे. जन्म अकरा जानेवारी एकोणीसशे चव्वेचाळीस, वाई. घड्याळात सकाळचे पावणेआठ. लग्न काढा आणि स्वभावाबद्दल दोन ओळी लिहा.’

लग्न म्हणजे – नाही, नाही, मांडवातलं नव्हे! जन्माच्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात. सगळी कुंडली त्याच्यावर उभी. ते चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

वर्ग आपल्यालाच मिळणार, यात हेरंबाला शंका नव्हती. त्यानं पाटीसुद्धा रंगवून घेतली होती! ‘हेरंब ताटके, ज्योतिषमार्गदर्शक’. पत्र्याची, दोन फूट बाय तीन फूट. दाराला लावायची बाकी. बायको म्हणाली, ‘अहो, आधी मिळू तर दे.’ – ‘मृण्मयी, दुसरं आहे कोण?’

चार सेकंदांत कुंडली काढली. मकर लग्न! आणि दोन ओळी मागितल्या होत्या ना? यानं एकोणीस संदेश टाकले. एकोणीस! ‘मकर लग्न. जातक हट्टी. स्वभाव कोरडा. रवी बाराव्या घरात, म्हणजे आयुष्यात उजेड कमी. विद्या अर्धवट. अशा व्यक्तीच्या शब्दावर विसंबू नये.’ खाली चू.भू.द्या.घ्या.? छे! ठळक अक्षरांत ‘हेरंब ताटके’.

आणि दोनशे दहा जणांनी काय केलं? अंगठे! अंगठ्यांवर अंगठे! ‘वा सर.’ ‘सखोल.’ ‘मला पण मकरच आलं.’ काहींनी तर कुंडली काढलीच नव्हती, तरी त्यांना मकरच आलं!

मग गटावर वरच्या बाजूला अक्षरं उमटली. ‘द्वारकाबाई शेंबेकर टाइप करत आहेत.’

या द्वारकाबाई कोण? कराडच्या. वय ऐंशीच्या पुढं. नातसुनेनं फोन दिला, त्यावर या ज्योतिष शिकायला लागल्या. एका बोटानं लिहायच्या. सगळे वाट बघतात. टाइप करत आहेत… थांबल्या. परत टाइप करत आहेत… एक ओळ यायला पाव तास!

आली. ‘सर्वांना नमस्कार. हा जन्म उजाडण्याआधीचा आहे, कंदील चालू होता असं ऐकलंय. हेरंबरावांच्या कुंडलीत सूर्य उगवून वर आलेला दिसतो. तेव्हाचं घड्याळ एक तास पुढं होतं ना? चू.भू.द्या.घ्या.’

हेरंबाचं काय झालं? नुकतंच फराळाचं ताट पुढ्यात घ्यावं आणि डोळ्यांसमोर कुणी तरी उचलून न्यावं, तसं झालं! त्यानं लिहिलं – ‘आजी, हा अभ्यासाचा गट आहे, घड्याळदुरुस्तीचा नाही. कंदील चालू होता म्हणे! तुम्ही होतात का तिथं?’

वर अक्षरं उमटली. ‘द्वारकाबाई शेंबेकर टाइप करत आहेत.’

हेरंब थांबला का? नाही! बोट खाजवत होतं ना! टिचकी मारली. ‘हेरंब ताटके यांनी द्वारकाबाई शेंबेकर यांना गटातून काढून टाकलं.’

उत्तर लिहिता लिहिता आजी बाहेर! आणि उरलेल्या दोनशे दहांपैकी कुणी विचारलं का, अरे, का काढलं? एक माणूस? एकसुद्धा नाही. एक अंगठा मात्र आला. तो कुणाचा, ते मी शेवटी विचारणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब पोहे खात बसला होता. वाईला न्यायला कुंडली छान छापून घ्यावी म्हणून संगणक उघडला. कोपऱ्यात एक बारीक चौकोन. रोज तिथंच होता, यानं कधी वाचला नव्हता. ‘युद्धकालीन वेळ धरावी?’

ऐका हं मंडळी, हे खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं देशभरातली घड्याळं एक तास पुढं केली होती. सप्टेंबर बेचाळीस ते ऑक्टोबर पंचेचाळीस. घड्याळात पावणेआठ, म्हणजे आजच्या हिशेबानं पावणेसात! आणि जानेवारीत वाईला सूर्य उगवतो सात वाजून सातेक मिनिटांनी. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते – अर्धी रास! ग्रहांवर तुमचा विश्वास असो-नसो, पृथ्वी फिरतेच.

हेरंबानं चौकोनात टिचकी मारली. कुंडली सरकली. मकर गेली, धनू आली. आणि सूर्य? क्षितिजाखाली! अजून उगवायचा होता. खाली कुठंतरी एक कंदील जळत होता!

घास घशातच अडकला. मृण्मयी म्हणाली, ‘मिरची लागली का?’

‘एक तास.’

‘कसला तास?’

‘काही नाही. पाणी दे.’

बघा मंडळी! कळायला किती वेळ लागला? एक टिचकी! आता दुसरं माप सुरू.

पहिला दिवस – संगणकच चुकला असेल. पंचांग घेतलं, कागदावर हातानं गणित केलं. धनू. परत केलं. परत धनू! दुसरा दिवस – आजींना गटात परत घ्यावं का? पण घेतलं की सगळ्यांना दिसणार, ‘हेरंब ताटके यांनी द्वारकाबाईंना जोडलं’. लोक विचारणार, का? मग धनू सांगावं लागणार. मग वर्ग गेला. पाटी गेली. त्यापेक्षा आपलेच संदेश पुसून टाकावेत! पुसले. एक, दोन, एकोणीस! आणि फोन काय करतो? पुसलेल्या जागी लिहून ठेवतो – ‘हा संदेश काढून टाकला आहे.’ ‘हा संदेश काढून टाकला आहे.’ एकोणीस वेळा! अहो, लपवायला गेला आणि वरपासून खालपर्यंत खुणेचे दगड रोवून बसला! एक जण लिहितो, ‘सर, काहीतरी फार गूढ असणार.’

तिसरा दिवस. गुरुपौर्णिमा.

वाईला गुरुजींच्या ओसरीवर सत्तर-ऐंशी माणसं. हेरंब पुढच्या रांगेत, मान खाली. मागं भिंतीला टेकून द्वारकाबाई. कराडहून सकाळच्या एसटीनं आलेल्या. गुरुजींचा फोन तीन दिवस देवघरात चार्जिंगला लावलेला, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

गुरुजी म्हणाले, ‘काय रे, लग्न कोणतं आलं?’

‘मकर!’ ऐंशी तोंडं.

‘सगळ्यांनाच? आणि द्वारकाबाई, तुम्ही उत्तर पाठवलंत का?’

आता बघा. हेरंबाचा जीव मुठीत. आजींनी एक वाक्य बोलायचं, की हा संपला! ऐंशी माणसांसमोर, गुरुजींसमोर. आणि त्या बोलल्या तर काही खोटं बोलणार होत्या का? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मंडळी, मी तर घसा खाकरून सुरुवात केली असती!

द्वारकाबाई म्हणाल्या, ‘पाठवत होते हो गुरुजी. पण लिहिता लिहिता मी गटातून बाहेरच पडले. माझंच बोट कुठंतरी लागलं असेल. या फोनचं मला मेलीला कळत नाही.’

एवढंच.

त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं! काढणाऱ्याचं नाव फोननं लिहून दाखवलं होतं. तरी म्हणाल्या, माझंच बोट लागलं असेल.

हेरंब उभा राहिला. म्हणाला, ‘आजी, तुमचं बोट नाही लागलं. माझं लागलं.’

मग तो गुरुजींकडं वळला.

‘गुरुजी, लग्न धनू आहे. मी एक तास चुकलो. यांनी बरोबर सांगितलं, नमस्कार करून सांगितलं, आणि मी यांना हाकलून दिलं. चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. मी संदेश पुसत बसलो.’

गुरुजी म्हणाले, ‘हं.’ पण मंडळी, हे ‘हं’ वेगळं होतं!

हेरंब मागं गेला, आजींसमोर खाली बसला. ‘पण आजी, सूर्य उगवला नव्हता, कंदील चालू होता – हे तुम्हाला कसं माहीत?’

आजी म्हणाल्या, ‘अरे, तू विचारलं होतंस ना, मी तिथं होते का? उत्तर लिहायचं राहिलंच बघ. होते! फक्त तेव्हा फार लहान होते.’

काय हसली ओसरी! गुरुजींनी तोंडाला उपरणं लावलं. मंडळी, कुंडली कुणाची? त्यांची स्वतःची! गुरुजींनी परवानगी घेतली होती ती त्यांचीच! हेरंब ज्यांना विचारत होता, ‘तुम्ही होतात का तिथं’ – अहो, त्यांच्याशिवाय तो कार्यक्रम झालाच नसता!

हसू ओसरलं तसं आजी हळूच म्हणाल्या, ‘हट्टी म्हणालास ते खरं आहे रे. विद्या अर्धवट, तेही खरं, सातवीत शाळा सुटली. पण कोरडी म्हणालास ना… तेवढं लागलं हो.’

हेरंबानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लवकर उचललं नाही.

वर्ग कुणाला मिळाला? द्वारकाबाईंना! त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, मला टाइप करायला पाव तास लागतो.’ गुरुजी म्हणाले, ‘म्हणूनच. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. आणि हेरंब लिहून देईल, तुम्ही सांगाल ते.’ ती पाटीही कामाला आली. मागची बाजू कोरी होती ना! तिच्यावर कुंडल्या काढून फोटो पाठवतात. फळा झाला तिचा!

त्या दिवशी ओसरीवरूनच हेरंबानं आजींना गटात घेतलं. एकोणीस खुणेच्या दगडांखाली लिहिलं – ‘सर्वांना नमस्कार. लग्न धनू. मी एक तास चुकलो आणि एका माणसाला दुखावलं. चू.भू.द्या.घ्या.’

आजी समोरच बसल्या होत्या, पण उत्तर फोनवरच दिलं. ‘द्वारकाबाई शेंबेकर टाइप करत आहेत.’ यावेळी कुणी हललं नाही. पाव तास सगळी ओसरी त्या एका बोटाकडं बघत होती. आलं –

‘दिली. घेतली. जेवलास का?’

मंडळी, गोष्ट संपली, प्रश्न संपला नाही. तो अंगठा आठवतो ना? आजींना काढल्यावर आलेला? हेरंब होणं अवघड आहे हो, त्याला बुद्धी लागते. अंगठा व्हायला काय लागतं? आपल्या सोसायटीच्या गटात, भावकीच्या गटात, शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटात कुणाला तरी चार लोकांनी गप्प केलं, तेव्हा आपण काय पाठवलं होतं? मी सांगतो, मी काय पाठवलं होतं. हसरा चेहरा. त्या माणसाचा वाढदिवस येतो, जातो. मी अजून लिहिलेलं नाही.

आणि हो, मघाशी वाईच्या सूर्योदयाची वेळ सांगितली ती घरी जाऊन तपासा. चुकली असेल तर मला सांगा – आधी नमस्कार करून! आणि माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर? म्हणा – चूकभूल द्यावी घ्यावी!

आता काढा फोन बाहेर. काका, काढा, आता परवानगी आहे! प्रत्येकाच्या फोनात एक नाव आहे, बोटाला माहीत आहे कोणतं. लांबलचक नको. हेरंबाला दोन ओळी पुरल्या.

पेटी थांबू दे. आरतीला पाच मिनिटं उशीर झाला तर देव काही म्हणणार नाही. लिहा. मीही लिहितो.