शेंदराचं चाक

माहं माहेर अल्लीपूरचं, बाप वावरातला मानूस, अन् मी लगन होऊन आली हिंगनघाटले, सासरी वावर नाई का बैल नाई, म्हनून आमच्या घरचे कापसाच्या प्रेसमंदी लागले अन् त्याईच्या मागं मीबी लागली, गाठीवर तरट शिवाले. तवा अजून नागपूरचंच राज्य होतं, आता मुंबई राज्यात गेलो म्हनते, जाऊ द्या, आमची सुई तेच अन् तरटबी तेच.

गुरुजी, तुमचा तो नावं लिहाचा कागद जरा बाजूले ठेवा, तुमाले प्रेस कसा ते पयले सांगा लागन, नाई तर काईच समजनार नाई. लोखंडी पेटीत रुई भरत, मंग खालून हा असा जाडजूड लोखंडी खांब वर येये अन् रुई वरच्या लोखंडी पाटावर दाबून दाबून तिची गाठ करे. खांबाच्या खाली काय, तर पानी. इंजनावर पंप चाले, बोटाएवढ्या नळीतून पानी खांबाखाली शिरे अन् त्याले उचले. म्या एकदा मिस्त्रीले पुसलं, काऊन जी, एवढीशी नळी एवढ्या धुडाले कशी उचलते? तं तो म्हने, बाई, रुई दबते, हवा दबते, पानी दबत नाई, कोंडलेल्या पान्यावर एका जागी जोर लावला का तो सारीकडं सारखा लागते, अन् खांबाचं बूड मोठं म्हनून त्याच्यावर जोर मोठा. म्या हो हो म्हनलं, अन् मनात म्हनलं, याले काई काम नाई वाटते.

गाठीले पट्ट्या बांधून झाल्या का एक चाक फिरवत, म्हंजे पान्याले वाट भेटे अन् खांब खाली बसे. दसऱ्याले आमी सारी मशीन पुजो, पन मान त्या चाकाचा, कारन सोडवते तेच. तेलात कालवलेला शेंदूर त्याले लावत, सालोसाल, थरावर थर, अन् खरडाचा नाई, देवाचा शेंदूर हाये ना! मिस्त्री एकदा कानस घेऊन खरडाले गेला तं मुकादमानं त्याले चारचौघांत असा झापला का बिचाऱ्यानं कानस ठेवून देल्ली. चाक घट्ट होत चाललं, दोघं दोघं लटकून फिरवत, अन् लोक म्हनत, देव जड झाला. जड झाला म्हने! काय सांगू तुमाले, आता आठोलं का माहं डोकं भनकते.

दिवाळी झालती, कापसाचा भर होता. आमचे वरच्या पाटाच्या खाचीतून पट्टी ओढून राह्यले होते. पंप थांबला का मंगच हात घालाचा असा नेम, पन त्या दिवशी हात घाईनं गेला का पंप उशिरा थांबला, यावर अजून भांडनं होते. म्या फक्त किंकाळी आयकली. धावत गेली तं त्याईचा उजवा हात मनगटापरेंत गाठीच्या अन् पाटाच्या मंदी. पंप बंद केला, तरी खांब खाली येईना, कोंडलेलं पानी त्याले तसंच धरून बसलं. मुकादम अन् चार गडी चाकाले लटकले, चाक हालेना. घन मारला तं चाकच मोडून खाली पडलं. कोनीतरी म्हनलं, हात तोडा, मानूस तं वाचन. म्या म्हनलं, पयले माहा तोड मेल्या, मंग त्याईचा!

तेवढ्यात मिस्त्रीनं माह्या हातात पाना देल्ला. म्हने, भिंतीमांगच्या बोळीत पान्याचा दाब दाखवते त्या काट्याची नळी हाये, तिचा नट सोड, तिथं आमी मावत नाई, तूच मावशीन. मले असा राग आला! म्हनलं, मानूस इथं अडकला अन् मले भिंतीमांगं काऊन धाडतं? तो वरडला, अवं पानी एकच हाये, तिकडं वाट देल्ली का इकडचाबी जोर उतरते, जाय!

गेली. आंग खरडत गेली. नट हातानं हालेना, म्या पान्याच्या दांड्यावर लाता घातल्या, अन् पिचकारी सुटली ते समोरच्या भिंतीचा चुना उडाला. मिस्त्री तिकडून बोंबलून राह्यला, तोंड समोर आनू नोको, चामडं फाडन! पन नळी बारीक, अन् जेवढं पानी निघन तेवढाच खांब उतरन. दबलेली रुईबी फुगून हाताले धरूनच होती. मंदी भिंत, मले काई दिसेना, मानूस हाये का गेला? तवा म्या त्याईचं नाव घेतलं, गुरुजी. लगनातल्या उखान्यानंतर कधी घेतलं नवतं. साऱ्या प्रेसच्या देखत, जोरानं, नाव घेऊन हाक मारली. तिकडून ओ आली. परत मारली, परत ओ आली, जरा बारीक. परत मारली तं ओ आलीच नाई.

भेव म्हंजे काय ते तवा समजलं. पानी सुरूच होतं. मंग मिस्त्रीचा आवाज आला, सुटला व माय, सुटला, चक्कर आली पन सुटला!

हात वाचला. दोन बोटं वळत नाईत, पन घास घेता येते, पोराले उचलता येते. नवं चाक बसोलं ते दसऱ्याले मुकादमानंच आपल्या धोतरानं पुसलं, अन् कुंकू लावलं ते बाजूच्या भिंतीले. मिस्त्री नुसता हासला. देव त्याले सुखी ठेवो.

आता तुमी पुसता, घरधन्याचं नाव काय लिहू. ते पाहा, अंगनात बसले हायेत, त्याईलेच पुसा. मी नाई घेनार. प्रेसवरच्या बाया अजून चिडवते मले. अन् आता घ्याची गरजच काय, हाक मारली का ओ येते.