ठमी, म्हातारी आन एकतीस तारीख

...आन वर मलाच इच्यारतेत, "कल्यान, गाडीला कसला वास येतोय रं?" कसला म्हंजी? मांजराचा! सीटखाली मुतलंय मांजर, कडा गावाच्या फुडं. चारदा धुतली गाडी, डांबराच्या गोळ्या टाकल्या, लिंबू चोळलं, आता मांजराचा, डांबराचा आन लिंबाचा असा तिघांचा वास येतोय. कशापायी, तर खर्ड्यावरनं शिर्डीला एक मांजर पोचवायचं. पावनेदोनशे किलोमीटर मांजर! पर भाडं घेताना मी कधी इच्यारीत न्हाई काय न्यायचंय म्हनून. आपल्याला काय, आपन डायवर.

आता मांजराला एकट्याला कोन नेतंय शिर्डीला? मांजर म्हातारीसंगं. लंकाबाई, आपल्या सहादेवची आई. तुमाला म्हाईत हाय, म्हातारा गेला आन दोगा भावांनी वाटनी केली. जमीन निम्मी केली, हिरीचं पानी निम्मं केलं, पितळंची भांडी मोजून निम्मी केली. र्‍हायली आई. तिचं निम्मं करता येईना, मग म्हयना-म्हयना. जानेवारी सहादेवकडं खर्ड्याला, फेब्रुवारी धाकट्या वैजनाथकडं शिर्डीला, त्याचं तिथं लॉज हाय, फुडं मार्च परत हिकडं... असं दर एक तारखेला म्हातारी माझ्या गाडीत. मांजर मातर कुनाच्याच वाटनीत धरलं नव्हतं, ते आपलं खर्ड्यालाच असायचं.

तर ह्या बारीला सहादेवच्या बायकोच्या डोक्यात आलं. जयाबाई म्हनती, "आत्याबाई, तुमचा म्हयना तिकडं, मग तुमच्या मांजराला दूध आमी का घालायचं?" बघा इच्यार. वकिलाला सुचला नसता. म्हातारी उठली आन मांजर उचललं. सहादेव म्हनतो, "कल्यान, पोत्यात घाल, तोंड बांध, गप पडतंय." मी पोतं झटकतोय तवर म्हातारी आडवी आली. म्हनली, "पोत्यात सोडून द्यायचं मांजर नेतेत. माझी ठमी न्हाई सोडून द्यायची."

आता हे खरंच हाय का न्हाई, सांगा. आपल्याकडं मांजर सोडायचं म्हनलं की पोत्यात, रस्ता दिसू द्यायचा न्हाई, वढ्यापल्याड न्हेऊन सोडायचं. रस्ता दिसला की परत चुलीपाशी हजर. म्हंजी पोतं न्हाई. डालगं बघितलं, त्यात कोंबडी बसलेली. दोरी बांधू म्हनलं तर म्हातारी म्हनली, "तुला बांधू का?" झालं, मांजर मोकळं, मांडीवर, माझ्या गाडीत. आपल्याला काय, आपन डायवर.

तुमाला सांगतो, जामखेड पतुर ते मांजर मांजरावानी वरडलं. जामखेडच्या फुडं ते बाळावानी वरडाया लागलं, आन आष्टीच्या फुडं आमच्या सासर्‍यावानी, म्हंजी थांबून थांबून, उत्तर मागितल्यावानी. कवा डॅशबोर्डवर, कवा माझ्या मानंमागं, कवा ब्रेकखाली. ब्रेकखाली म्हनतोय मी! मे म्हयन्याचं ऊन, येशी चालू, आन म्हातारी काच खाली करून मांजराला खिडकीत धरून बसलेली. "बघ ठमे, हे कडा गाव. हितनं सरळ जायाचं, वळायचं न्हाई. बघ, ही चिचोंडी..." मी म्हनलं, मावशे, काच लाव, येशी लावलाय. ती म्हनली, "काचंतनं दिसतंय, पर तिला वास कुठला लागतोय?" म्हंजी मी सगळ्या नगर रोडला गारवा वाटत चाललोय, आन आत भट्टी!

नगरला सिग्नलला मांजर माझ्या खांद्यावर. हवालदार वाकून बघतो, "हे काय?" म्हनलं, सायब, मांजर. "ते दिसतंय मला. तुझा पट्टा कुठंय?" आता पट्ट्यात मांजराचं नख अडकलं म्हनून काढलाय, हे कुना मानसाला सांगायचं? त्यानं म्हातारीकडं बघितलं, मांजराकडं बघितलं आन म्हनला, "जा." माझ्याकडं बघून कोनी कधी जा म्हनलेलं न्हाई.

राहुरीला च्या प्यायला थांबलो. मांजराला बशीत दूध, मला कपात च्या, म्हातारीला काय नको. मी वैतागलेलो, हाताला सतरा वरखडे. म्हनलं, मावशे, कशाला तिला एवढा रस्ता दावतीस? हे मांजर काय पावनेदोनशे किलोमीटर चालत खर्ड्याला येनार हाय व्हय? तर म्हातारी बशीकडं बघत म्हनली, "मला आताशी ध्यानात र्‍हात न्हाई रं. दोघीतल्या एकीला तरी म्हाईत पायजे."

मी च्या तसाच ठिवला. लई वंगाळ वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच्या फुडं काच वर कर म्हनलो न्हाई. उलट मीच सांगत गेलो, ठमे, हे कोल्हार, हा प्रवरंचा पूल. मांजराला सांगतोय मी, शुद्धीवर असताना.

चारच्या टायमाला शिर्डी. लॉजवर वैजनाथ फुडं आला, आईच्या पाया पडला, "आई, त्रास नाही ना झाला?" खुर्ची दिली, पानी दिलं. मांजर बघितलं तरी कायबी म्हनला न्हाई. मला वाटलं, शिर्डीत र्‍हाऊन मानूस सुधारतंय. मग त्यानं काउंटरमागचं कॅलेंडर बघितलं आन म्हनला, "कल्याण, आज एकतीस तारीख आहे."

म्हनलं, व्हय. मग?

"मग माझा महिना उद्यापासून आहे."

लावला फोन भावाला, स्पीकर चालू. तिकडनं सहादेव, "एक तारखेला आनली, तीसला माझे तीस दिस भरले. एकतीसचा भाकरतुकडा मी का घालायचा?" हिकडनं वैजनाथ, "दादा, मे महिना एकतीसचाच असतो." तिकडनं, "आन तुला फेब्रुवारी अठ्ठावीसचा गावला तवा बोलला न्हाईस?" हिकडनं, "फेब्रुवारी मी केलाय का?" अर्धा तास! भक्त लोक बॅगा घेऊन येतेत, चावी घेऊन जातेत, आन आई मधी खुर्चीत, मांडीवर मांजर, कुनाची एकतीस तारीख हे ऐकत बसलेली. मी भिंतीकडं बघतोय. आपल्याला काय, आपन डायवर... असं म्हनलं मनात, पर ते काय खाली उतरंना.

आन मग मिटलं! तुमाला सांगतो, बांधावरनं तीन वर्सं बोलत नव्हते ते दोगं, पर हे मिटलं. एकतीस तारीख प्रवासात धरायची. म्हंजी आई त्या दिवशी ह्याच्याकडं बी न्हाई आन त्याच्याकडं बी न्हाई, गाडीत. एकानं एकतीसला उजाडायला पाठवायची, दुसर्‍यानं एक तारखेला सकाळी उतरवून घ्यायची. वैजनाथ मला लई गोडीत म्हनला, "कल्याणभाऊ, तुम्ही फक्त जरा सावकाश चालवत जा."

सावकाश! पावनेदोनशे किलोमीटरला चोवीस तास!

मी मोजलं, वर्साला सात एकतीस येतेत. सातबार्‍यावर माझं नाव न्हाई, त्यांच्या भावकीतला मी न्हाई, हिरीत माझं थेंबभर पानी न्हाई, तरी वाटनीत वर्साला सात दिस आई माझ्याकडं आली, मांजरासकट. न्हाई म्हनाया तोंड उघडलं, तर म्हातारी आधीच उठून गाडीत जाऊन बसलेली.

माझी बहीन बनुबाई शिर्डीजवळ राहात्याला दिलीय. दिस मावळायला तिच्या दारात गाडी लावली. ती चुलीवरनं उठून भायेर आली, हाताला पीठ. म्हातारीकडं बघती, मांजराकडं बघती, आन मला हळूच बाजूला घेऊन इच्यारती, "दादा, ह्या कोनाच्या?"

काय सांगनार? म्हनलं, "आज कुनाच्याच न्हाईत. आत घे."