विहिरीत काय पडलं

कर्जतला दातांच्या दवाखान्यात संस्कृती आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी दोन पोरं एकच इअरफोन वाटून घेऊन तिच्याच निओ-प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा पहिला अल्बम ऐकत होती. गाणारी तीच, गाणी लिहिणारीही तीच, पण हे त्यांना कुठून माहीत असणार?

"कानिफ, पाव तास झाला, गानं संपंना."

"प्रोग्रेसिव्ह हाय ते, लांबतंच. कीबोर्ड ऐक."

"कीबोर्ड बरा हाय. बाईचा आवाज न्हाई पटला."

"आवाज सोड, शब्द बघ. 'कोरड्या विहिरीत पडलाय सांड.'"

"चांद म्हनती ती."

"चांद काय, कुनीबी पाडतंय विहिरीत, अजिनाथ. सांड पाडायला डोकं लागतं. सगळा अल्बम त्या सांडावर उभा हाय."

"आन चांदच असला तर?"

"तर आत्ता डिलीट करतो."

अजिनाथने इअरफोनचं एक टोक संस्कृतीपुढे धरलं. "ताई, तुमी सांगा. चांद का सांड?"

त्या एका ओळीतल्या चांदासाठी ती कितीतरी रात्री जागली होती. तिने ती पुन्हा नीट ऐकली.

"सांड," ती म्हणाली.

"बघ," कानिफ म्हणाला. "ताईंना गान्यातलं कळतं."