नेहमीचाच रस्ता

सन्माननीय अध्यक्षबाई, म्हणजे आमच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाच्या संचालिका. व्यासपीठावर विराजमान असलेले आणि ज्यांची नवी यंत्रणा सोमवारपासून माझी जागा घेणार आहे ते प्रमुख पाहुणे, अभियंतासाहेब. रुग्णवाहिकांचे सर्व चालक. फोनवर बसणारे माझे भगिनी-बंधू. ड्यूटी असल्यामुळे आत्ता काचेपलीकडून नुसतेच बघणारे सहकारी. आमच्या घरची मंडळी. आणि माझ्या शब्दाखातर अर्धा दिवस शिवणाचं दुकान बंद ठेवून आलेल्या, मागून दुसऱ्या रांगेत दाराशी बसलेल्या ताई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. त्यांनी केलेलं वर्णन ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं, की हा थोर गृहस्थ कोण, आणि तो आलाय की नाही. अध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. फौजेतून आलेला माणूस वेळ पाळतो असं त्या मघाशी म्हणाल्या. बाई, आज तेवढं एक मोडणार आहे. माफ करा.

आपण सगळ्यांनी मिळून मला निरोपाची भेट म्हणून हे घड्याळ दिलंत. हे वेळ दाखवतं, तेवढं मला झेपतं. पण ते पावलं मोजतं, झोप मोजतं, आणि तासभर बसून राहिलं की ‘उभे राहा’ म्हणतं. फौजेत आमच्याकडे या कामाला कवायत घेणारे उस्ताद होते. फरक एवढाच, की हे घड्याळ बुटांची पॉलिश तपासत नाही. पुढच्या वर्षी तेही करेल, तशी बातमी येईलच.

बातम्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. गेली सत्तावीस वर्षं दर सोमवारी सकाळी चहाच्या मशीनशेजारच्या फळ्यावर मी एक कात्रण लावत आलो. तंत्रज्ञानाची काहीतरी बातमी, आणि खाली लाल पेन्सिलीने माझा शेरा. दूध संपलं की स्वतःच सांगणारा फ्रिज आला, तेव्हा मी लिहिलं होतं, ‘आमच्या घरी हे काम मंडळी करतात, आणि फ्रिजपेक्षा मोठ्या आवाजात.’ चेहरा बघून उघडणारं कुलूप आलं, तेव्हा लिहिलं, ‘दाढ सुजली तर रात्र जिन्यात काढावी लागेल.’ आपोआप चालणारी मोटार आली, आणि बातमीत शेवटी बारीक अक्षरात होतं की माणसाने हात मात्र स्टिअरिंगवरच ठेवायचे आहेत. त्यावर माझा शेरा होता, ‘म्हणजे काम मोटारीचं आणि शिक्षा माणसाला. ही पद्धत मला ओळखीची वाटते.’ तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण तो शेरा लिहून झाल्यावर मी दिवसभर कुणाशी धड बोललो नव्हतो, हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नसेल.

तीन आठवड्यांपूर्वीचं कात्रण तुम्ही पाहिलंत. आपल्याच कार्यालयाची बातमी होती, फोटोसकट. ‘आता तुमचं बोलणं पूर्ण होण्याआधीच रुग्णवाहिका निघणार.’ पहिल्यांदाच खाली शेरा नव्हता. चालकमंडळी मला विचारून गेली, ‘फौजी, पेन्सिल हरवली का?’ पेन्सिल होती खिशात. लिहायचं काय, ते सुचत नव्हतं.

पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक खिडकी आहे. फोन आला की पत्ता टाइप करायचा, आणि तो फोन करणाऱ्याला परत वाचून दाखवायचा. तो ‘हो’ म्हणाला अशी खूण केल्याशिवाय गाडी सोडायचं बटण उघडतच नाही. ही खिडकी मी घातली. इथे सगळे तिला ‘फौजीची कटकट’ म्हणतात, माझ्या तोंडावरसुद्धा. सत्तावीस वर्षांत ती काढून टाका असे अर्ज किती आले विचारू नका. एका अर्जावर तर माझ्या स्वतःच्या मेहुण्याची सही होती.

पण मध्ये एकदा काय झालं, ते पहिल्या टेबलावरच्या बाईंना विचारा. एका गृहिणीचा फोन आला, नवरा जमिनीवर पडलाय, लवकर या. तिने पत्ता दिला. बाईंनी वाचून दाखवला. तशी ती म्हणाली, ‘अहो, हे तर आमचं जुनं घर. ते सोडून आम्हाला चार वर्षं झाली.’ घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जुनाच पत्ता येतो. वीस वर्षं जिथे राहिलो तो. वाचून दाखवला नसता तर आमची गाडी दिवे लावून, भोंगा वाजवत भलत्याच दारात जाऊन उभी राहिली असती.

नवी यंत्रणा हुशार आहे, साहेब. मी ती तीन दिवस बसून वाचली आहे, आणि एक प्रोग्रामर म्हणून सांगतो, काम अतिशय देखणं आहे. आधीच्या हजारो फोनांवरून ती पुढचे शब्द ओळखते. माणूस अर्धं वाक्य बोलतो, उरलेलं ती पूर्ण करते. वाचून दाखवायची गरजच उरत नाही. अकरा सेकंद वाचतात. अकरा सेकंदांत जीव जातो, हे मला मान्य आहे.

पण असं यंत्र मी पूर्वी पाहिलेलं आहे. माझ्याच बुटांत उभं होतं ते, तेविसाव्या वर्षी.

हे बघा, घड्याळ थरथरलं. माझे ठोके वाढलेत म्हणतंय. खरं आहे बाबा, वाढलेत.

मी बिनतारी संदेशांच्या तुकडीत होतो. डोंगरातली छावणी. रोज सकाळी दहाला वरच्या चौकीहून रस्त्याची खबर यायची, ती मिळाल्याची नोंद मी वहीत करायची आणि खबर ट्रकच्या चालकाला द्यायची. ट्रकवर माझा मित्र होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण वळण असो नसो, तो हॉर्न वाजवायचा, आणि हॉर्न नसला तर स्वतः ओरडायचा. माझ्या अंथरुणाशेजारी त्याचं अंथरूण. घरून पत्र आलं की आधी माझ्याकडून वाचून घ्यायचा. स्वतःला वाचता येत होतं, पण म्हणायचा, ‘तू वाचलंस की आईचा आवाज येतो.’ त्याला एक धाकटी बहीण होती. त्या मागे दाराशी बसल्या आहेत. वयाने माझ्याहून लहान, तरी मी त्यांना ताई म्हणतो.

नियम असा होता की आलेला संदेश शब्द न शब्द परत म्हणून दाखवायचा. उस्तादांनी तो आमच्याकडून उन्हात उभं करून घोटून घेतला होता. ‘समजलं’ हा शब्द त्यांनी बंदच केला होता. म्हणायचे, ‘तुला काय समजलं ते मला कसं समजणार?’ एक्केचाळीस दिवस तीच खबर आली. पुलाकडचा रस्ता मोकळा आहे. पुलाकडचा रस्ता मोकळा आहे. बेचाळिसाव्या दिवशी वरून आवाज आला, ‘पुलाकडचा रस्ता’, आणि माझ्या डोक्याने उरलेलं वाक्य पूर्ण करून टाकलं. समोर चहा होता, तो गार होत होता. वरचा माणूस बोलत होता, आणि मी कपाकडे बघत होतो. त्याचं बोलणं संपलं, आणि मी म्हणालो, ‘समजलं.’

वरच्यानेही परत म्हणायला लावलं नाही. त्यालाही एक्केचाळीस दिवस झाले होते.

भोंगा गाडी पुसत होता. मी ओरडून सांगितलं, ‘नेहमीचाच रस्ता.’ त्याने नेहमीप्रमाणे सलाम ठोकला आणि दोनदा हॉर्न वाजवून गेला. पाण्याने पुलाचा खांब खचला होता. वरून आलेली खबर अशी होती, की पुलाकडचा रस्ता बंद, गाडी वरच्या वळणाने आणा. ट्रक पुलासकट खाली गेला. ट्रकमध्ये तो एकटा होता.

माझ्या घरच्यांना यातलं एक अक्षर माहीत नाही. आमची मंडळी आत्ता माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत, त्यावरून तुम्हालाही ते कळेल. पण मला पुढे जाऊ द्या, थांबलो तर परत सुरू करता येणार नाही.

चौकशी झाली. वरच्या चौकीच्या वहीत होतं, पूल बंद असल्याची खबर दिली. माझ्या वहीत होतं, खबर मिळाली, चालकाला दिली. मला विचारलं, ‘चालकाला संदेश दिला होता?’ मी म्हणालो, ‘दिला होता, साहेब.’ एवढंच विचारलं, आणि एवढंच मी सांगितलं. निकाल लागला की चालकाला माहीत असूनही त्याने सूचना मोडली. जवळचा रस्ता म्हणून हट्टाने पुलावरून गेला.

हा निकाल कागद होऊन त्याच्या घरी गेला. सामान पोचवायला मी गेलो होतो. त्याच्या आईने मला जवळ घेतलं, आणि म्हणाल्या, ‘लहानपणापासून कुणाचं ऐकायचा नाही. ऐकलं असतं तर आज असता.’ मी त्यांच्या खांद्यावर मान टाकून रडलो, आणि तोंड उघडलं नाही. पुढे त्या गेल्या. ताईंचं लग्न झालं, मुलं झाली, मी त्या घरचा दादा झालो. मुलांनी ऐकलं नाही की ताई म्हणायच्या, ‘मामासारखा हट्ट करू नका रे, बघा त्याचं काय झालं.’ मी समोर बसून चहा पीत असायचो. अडतीस वर्षं मी त्या घरात तो चहा प्यालो. बिस्किटसुद्धा घ्यायचो.

फौज सोडली, प्रोग्रॅमिंग शिकलो, इथे आलो, आणि पहिल्या महिन्यात ती खिडकी घातली. लोकांना वाटलं, जुनी शिस्त. शिस्त कसली! ज्याला कबुली देता येत नव्हती, त्याने ती अशा भाषेत लिहून ठेवली की ज्यांना वाचायला हवी त्यांना वाचता येऊ नये. दर फोनला कुणीतरी पत्ता परत म्हणायचं, आणि मला वाटायचं, चला, आजचं झालं. आता सोमवारी ती खिडकी जातेय. मग माझ्याकडे उरलं काय? सांगणं उरलं.

ताई, मी हे तुम्हाला एकट्यांना सांगायला या तीन आठवड्यांत तीनदा घरी आलो होतो. तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत, ‘दादा, तब्येत बरी नाही का?’ आणि मी बरी आहे म्हणून परत आलो. मग वाटलं, घरात सांगितलं तर तुम्ही मोठ्या मनाने ‘जाऊ द्या’ म्हणाल, आणि ते चार भिंतींतच राहील. त्याच्यावर ठपका चारचौघांत लागला, तो निघायलाही चारचौघांतच हवा. जुन्या तुकडीच्या कार्यालयाला मी पत्र पाठवलं आहे, सही करून, हजर व्हायची तयारी आहे असं लिहून. त्याची प्रत माझ्या पिशवीत आहे. ती तुमची आहे.

साहेब, मी आपला किंवा आपल्या यंत्राचा अपमान करायला उभा राहिलो नाही. माझी एवढीच विनंती आहे की त्याला परत म्हणून दाखवायला शिकवा. ते जमण्यासारखं आहे, कसं करायचं ते मी लिहून अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवलं आहे. शिकवायचं की नाही, ते आपण ठरवा.

आता आभार. सत्तावीस वर्षं ज्यांनी शिव्या देत का होईना पण दर फोनला पत्ता वाचून दाखवला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. अध्यक्षबाईंनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. आमच्या मंडळींचे आभार आज घरी जाऊन मानेन, जर त्यांनी दार उघडलं तर. आनंदाच्या कार्यक्रमाला मी हे असं गालबोट लावलं, वेळ मर्यादेबाहेर घेतला, कुणाला नको ते ऐकावं लागलं. सभेने मला पदरात घ्यावं.

ताई, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. तो हक्क मी अडतीस वर्षांपूर्वीच घालवला. तुम्ही उठून उभ्या राहिलात, दिसतंय मला. जायचं असेल तर जा, कुणी अडवणार नाही. फक्त घरी गेल्यावर मुलांना एवढं सांगा, की त्यांचा मामा हट्टी नव्हता. त्या दिवशी त्याला जे सांगितलं, ते त्याने शब्दशः ऐकलं. सांगणारा मी होतो.