बंदीच्या दिवसांतली गोळी

माझं नाव बदला, चालेल, पण तांडेल मात्र तांडेलच लिहा, खलाशी लिहिलंत तर बघा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्मलो. आई सांगायची, जन्मल्यावर हा रडलाच नाही, आधी भरती आहे की ओहोटी ते विचारलं. खोटं वाटतं ना? वाटू दे. बाप तांडेल, आजा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा आणि जाळं कुठं टाकायचं ते ठरवणारा. मी एकदा एवढी मोठी घोळ पकडली होती की तोंड वर्सोव्याला आणि शेपूट मढला, त्या दिवशी लोकांनी फेरीबोट सोडली आणि तिच्या पाठीवरनं चालत खाडी ओलांडली. हसा, हसा. कोळीवाड्यात माझ्या गोष्टी ऐकायला बाया मासळीच्या पाट्या खाली ठेवतात.

पण एक गोष्ट कोळीवाड्याला कधी सांगितली नाही. मला एचआयव्ही आहे. माझ्या बायकोला, हिराला, नाही. तिला आणि दर्शनाला, म्हणजे आमच्या मुलीला, माहीत आहे, बस, तिसऱ्याला नाही. कुठनं आला ते विचारू नका, समुद्रातनं आला नाही एवढं नक्की. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळतात, रोजची एक. होडीवर खलाशांना सांगून ठेवलं की पित्ताची आहे. आता मला कसलं पित्त, मी नांगर गिळला तर पचवीन, पण ऐकलं बिचाऱ्यांनी.

तर काय सांगू तुम्हाला, डॉक्टर चक्रावला होता. मासेमारी चालू असली की माझं रक्त एकदम झकास, आणि पावसाळ्यात सरकार मासेमारी बंद ठेवतं ना, होड्या वर ओढलेल्या असतात, त्या बंदीनंतर रक्त तपासलं की वाट लागलेली. म्हणाला, काका, असंच चाललं तर ह्या गोळ्या लागू पडायच्या बंद होतील. मी तिथं हसलो, पण बाहेर आलो आणि पायरीवरच बसलो. दर्शनाचं लग्न ठरलेलं. पोरीच्या हळदीत बाप नाचणार, की खाटेवर पडून बघणार?

त्याच दवाखान्यात एक मुलगी बसायची, मानसशास्त्र शिकलेली. ह्या आजाराची माणसं प्रमाणाबाहेर का पितात, प्यायली की गोळ्यांचं काय होतं, ह्याच्यावर तिचं संशोधन. मला तिच्यासमोर बसवलं. किती घेता काका? मी म्हटलं, बाय, मी बसलो की गुत्तेवाला घाबरून बोरिवलीपर्यंतचा माल मागवतो. तर ती म्हणाली, इथं सगळे कमी करून सांगतात, वाढवून सांगणारे तुम्ही पहिलेच, आता खरं सांगा. पहिल्यांदा मला कुणी असं पकडलं. मग सांगितलं. होडीवर थेंब नाही, ती बापाची शिस्त. पण बंदीत सकाळी जाळी शिवायची, दुपारी हात मोकळे, आणि मोकळ्या हाताला बाटली बरोबर सापडते.

आणि प्यायलात की त्या दिवशी गोळी? मी छाती फुगवून म्हटलं, छे गो, विटाळलेल्या तोंडानं औषध घेणारा माणूस नाही मी. देवाच्या फोटोपुढं डबी ठेवतो, आंघोळ करून घेतो. प्यायलो की डबीला शिवतसुद्धा नाही. शिवाय दारू आणि गोळी पोटात भेटली की विष होतं, हे काय सांगायला पाहिजे?

ती रागावली नाही. मला सरळ डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, विषबीष काही होत नाही काका, दारूनं लिव्हर जाईल म्हणून ती कमी करायचीच, पण प्यायलात तरी गोळी चुकवायची नाही. आता बघा, होडीला भोक मीच पाडत होतो, तेही आंघोळ करून, हात जोडून!

मग आम्ही कामाला लागलो, ती आणि मी. पिऊ नका असं तिनं एकदाही म्हटलं नाही, हात कधी शिवशिवतो ते विचारायची. त्या वेळी मी शेजाऱ्यांची जाळी शिवायला घ्यायला लागलो. दर्शनानं मोबाइलमध्ये गोळीच्या वेळेला कोंबडा आरवेल असा गजर लावून दिला. हळूहळू दारू कमी होत गेली.

पण हळद समोर होती. आमच्या घरात हळदीला पहिला ग्लास पितरांना दाखवतात, तो नवरीचा बाप पितो, मग बाकीच्यांनी हात लावायचा. आणि माझा एक ग्लास कधी एक राहत नाही. नाही म्हटलं तर अख्खा कोळीवाडा विचारणार, का? आणि त्या का-च्या मागं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

ती म्हणाली, सराव करू. माझा मेव्हणा मोरेश्वर बनली. एवढीशी पोर, पण आवाज बघा! काय दादूस, आमची बाय चालली सासरी नि तू घेत नाहीस? मी सुरू झालो, अरे मोरेश्वर, परवा खोल पाण्यात देवमासा आला, त्यानं मला सांगितलं... ती म्हणाली, काका, देवमासा बोलेपर्यंत ग्लास तुमच्या ओठाला लागेल. छोटं सांगा. मला छोटं! विमानाला सांगा चालत जा.

हळद आली. बेंजो, नाच, सगळं अंगण पिवळं. पितरांना दाखवून मोरेश्वरनं ग्लास माझ्यापुढं धरला. मी देवमाशाला बोलावलं, तो आलाच नाही. दर्शना हळदीच्या तोंडानं बघतेय. माझ्या तोंडातनं एवढंच आलं, मला नको रे, तू घे. बेंजोसुद्धा थांबला. बेंजोवाला म्हणतो तार तुटली होती, मला काय ते माहीत आहे. मोरेश्वरनं माझ्याकडं बघितलं, ग्लासाकडं बघितलं, म्हणाला, बरं, मग आपला नंबर लागला. घटाघट प्यायला आणि कोलंबीची ताटली माझ्या हातात दिली. झालं! एवढ्यासाठी मी महिनाभर घाबरलो होतो. त्या रात्री असा नाचलो की जुहूच्या वाळूत भेगा पडल्या.

आता गंमत ऐका. कारण मी सांगितलं नाही, तर कोळीवाड्यानं स्वतःच बनवलं. कुणी म्हणतं एकवीरेला नवस बोलला, कुणी म्हणतं मुलुंडच्या वैद्यानं तंबी दिली. माझ्यावर गोष्टी रचतात हो, आणि त्यासुद्धा इतक्या पुचाट! जीभ वळवळते, सुधारून द्यावंसं वाटतं, पण गप्प बसतो.

पुढची बंदी आली नि गेली. मध्ये एकदा घसरलो, पण गोळी घेतली. नंतर रक्त तपासलं तर विषाणू इतका कमी की मशीनला सापडेना. ती पोर रडली आणि म्हणाली मसाला डोळ्यात गेला. दवाखान्यात कुठला मसाला? मी कधीतरी शिकवीन तिला नीट खोटं बोलायला. देव तिला सुखात ठेवो.

आता होडी रंगवून तयार आहे, दर्शनाला दिवस गेलेत, नातवाला घोळीची गोष्ट मीच सांगणार, दुसऱ्या कुणी सांगितली तर वाया जाईल. थांबा, कोंबडा आरवला. तो पाण्याचा तांब्या द्या जरा इकडं.