तव्यावरचे निळे दाणे

अमडापूरच्या गाडीची वाट पाहून संजीवनी कंटाळली होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"आज पुन्हा माह्या तव्यावर त्या एअरगनच्या पंपातले दाणे भाजले ना तुम्ही?"

"भाजाच लागते. हवेतलं पाणी पिऊन ते गुलाबी होतात, भाजले की पुन्हा निळे. वल्ली हवा भरली त एअरगन आतून गंजते."

"छकुली त सासरी गेली. आता कोण चालवते ते बंदूक?"

"कोणी नाही."

"मंग पंप मारमारून छाती काऊन फोडून राह्यले?"

"नेमबाजी तिनं सोडली नाही. आपण सोडाले लावली."

संजीवनीनं वळून पाहिलं नाही.

"उद्यापासून दाणे मी भाजीन. तुम्ही करपवता."